जपानी प्रत आणि एशियन प्रत: डबा सारखा, भाषा वेगळी

माझा मामेभाऊ चाकणच्या एका जपानी कंपनीत आहे. वर्षातून एक-दोन फेऱ्या टोकियोला होतात. येताना मामासाठी नेलकटर, सगळ्यांसाठी हिरव्या चहाचं किटकॅट आणि माझ्यासाठी पीएस4 चा (सोनीच्या प्लेस्टेशन 4 या कन्सोलचा) एखादा गेम, हे ठरलेलं. 2017 साली त्याने टोकियोतल्या अकिहाबारा बाजारातून फोन केला, "सुपर रोबो वॉर्स व्ही दिसतोय, पीएस4 चा. घेऊ?" मी म्हटलं, "घे की. पीएस4 ला रिजन लॉक नसतं." म्हणजे एका देशाची डिस्क दुसऱ्या देशाच्या कन्सोलवर अडवणारं कुलूप नसतं.

डिस्क घातली, गेम लगेच चालू झाला. माझं म्हणणं शंभर टक्के खरं ठरलं आणि तरीही मी फसलो. पुढची चाळीस मिनिटं यंत्रमानवांचे चालक एकमेकांशी गंभीर चेहऱ्याने बोलत होते आणि खाली कांजीचा, म्हणजे जपानी चित्राक्षरांचा, पाऊस पडत होता. मी तेव्हा जपानी भाषेची एन4 ही सुरुवातीच्या पातळीची परीक्षा पास होतो. (पुण्यात घरटी एक जण जपानी शिकतो, आमच्या घरातला तो मी.) चाळीस मिनिटांत मला "हो", "नाही" आणि "पृथ्वी" एवढंच कळलं. सेटिंगमध्ये जाऊन भाषा शोधली, तर तो पर्यायच नव्हता. आणि हाच गेम, त्याच वर्षी, पूर्ण इंग्रजी मजकुरासह सिंगापुरात मिळत होता.

तिथून माझा जपानी प्रत आणि एशियन प्रत यांचा अभ्यास सुरू झाला. आपल्याकडे दोन्हींना सरसकट "इम्पोर्टेड" म्हणतात. दुकानदारही म्हणतात, वेबसाइटवर विकणारेही म्हणतात. दोन्हींचे डबे सारखे, चित्र बहुधा तेच, किंमतही जवळपास. पण एकीत इंग्रजी असेलच असं नाही आणि दुसरी अनेकदा इंग्रजीसाठीच काढलेली असते.

आधी रिजन लॉकचा विषय संपवू, कारण गोंधळाचं मूळ तिथे आहे. पीएस1 आणि पीएस2 च्या काळात जपानी डिस्क अमेरिकन किंवा युरोपीय कन्सोलवर चालतच नसे. पीएस3 पासून सोनीने ते सोडलं. 2012 च्या पर्सोना 4 अरीनासारखा अपवाद सोडला, तर पीएस3 चे गेम कुठलेही कुठेही चालतात. पीएस4 आणि पीएस5 चंही तेच. निन्टेंडोचा प्रवास वाकडातिकडा: 3डीएस आणि वी यू ही त्यांची कन्सोलं कुलूपबंद, मग आलेला स्विच मोकळा. कुलूप गेलं तसं विकणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य बसलं, "रिजन फ्री आहे, बिनधास्त घ्या." वाक्य खोटं नाही. पण रिजन फ्री म्हणजे डिस्क चालेल. डिस्कमध्ये काय लिहिलंय ते तुम्हाला वाचता येईल की नाही, याचा त्या शब्दाशी काडीचा संबंध नाही.

आता जपानी प्रत. ती जपानमधल्या गिऱ्हाइकासाठी असते, त्यामुळे त्यात जपानी भाषा असणं एवढंच गृहीत असतं. बाकी सगळं कंपनीच्या मर्जीवर. पर्सोना 5 जपानमध्ये 2016 साली आला तो निव्वळ जपानीत. इंग्रजी प्रतीसाठी एप्रिल 2017 उजाडला. उलट बाजूला निन्टेंडोचे स्वतःचे मोठे गेम पाहा. ब्रेथ ऑफ द वाइल्ड मार्च 2017 मध्ये आला, त्यात कुठल्याही देशाच्या कार्ट्रिजवर भाषा निवडता येते. म्हणजे जपानी कार्ट्रिज घेऊन तो इंग्रजीत खेळता येतो. पोकेमॉनमध्ये तर सुरुवातीलाच भाषा विचारतात. फक्त तिथे घाई करू नका, कारण एकदा निवडलेली भाषा त्या सेव्हमध्ये पुन्हा बदलत नाही. माझ्या भाच्याने गंमत म्हणून जपानी निवडली होती. आठवडाभराने रडत सगळं पुसून पहिल्यापासून सुरू केलं.

जपानी प्रतीचं आणखी एक अंग आहे, ते भाषेपेक्षा कमी बोललं जातं. तिथे 2002 पासून सेरो नावाची संस्था गेमला वयाचं चिन्ह देते: ए, बी, सी, डी आणि फक्त अठरा वर्षांवरच्यांसाठी झेड. रक्तपात, तुटलेले अवयव याबाबत ती कडक आहे. म्हणून रेसिडेंट इव्हिल व्हिलेज जपानमध्ये डी आणि झेड अशा दोन वेगळ्या रूपांत आला. कॅलिस्टो प्रोटोकॉलला तर 2022 मध्ये चिन्हच मिळेना, बनवणारे कापाकापी करायला तयार होईनात, आणि गेम जपानमध्ये आलाच नाही. तेव्हा भयपटाच्या जातीचा गेम जपानहून मागवणार असाल, तर भाषा जुळली तरी दृश्यं जुळतीलच असं नाही.

एशियन प्रत म्हणजे हाँगकाँग, तैवान, सिंगापूर, मलेशिया, फिलिपिन्स, थायलंड या पट्ट्यासाठी काढलेली. एशिया म्हणजे आशिया, पण या शब्दात जपान नाही आणि भारतही नाही. आपल्याकडे रीतसर विकल्या जाणाऱ्या प्लेस्टेशनच्या डिस्क बहुतेक युरोपीय छापाच्या, पेगीचं (युरोपातल्या वयाच्या वर्गवारीचं) चिन्ह असलेल्या असतात. नकाशात आपण आशियात, गेमच्या कपाटात युरोपात.

या पट्ट्यात सिंगापूर आणि फिलिपिन्ससारखे देश इंग्रजी सहज वाचतात. त्यामुळे जो जपानी गेम अमेरिकेत काढायचा की नाही यावर कंपनीचं ठरत नसतं, तो इथे इंग्रजीत आधी येऊन जातो. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण डीमन्स सोल्स. फेब्रुवारी 2009 मध्ये तो जपानमध्ये आला. त्यातले संवाद जपानी प्रतीतही इंग्रजीच होते, मेनू आणि मजकूर मात्र जपानी. एशियन प्रतीत मजकूरही इंग्रजी. अमेरिकेत सोनीने स्वतः तो काढलाच नाही. अॅटलस कंपनीने ऑक्टोबर 2009 मध्ये काढला, युरोपात तर 2010 उजाडलं. मधल्या काळात अमेरिकेतले लोक एशियन प्रत मागवून खेळत होते आणि गेमचं नाव त्यांनीच वर नेलं.

सुपर रोबो वॉर्सची गोष्ट निराळी. त्यात वेगवेगळ्या कंपन्यांच्या मालिकांमधले पन्नास प्रकारचे रोबो एकत्र असतात. प्रत्येकाचे हक्क वेगळ्याकडे, आणि पश्चिमेकडे त्या हक्कांचा गुंता आणखी वाढतो. म्हणून व्ही 2017 साली, एक्स त्यानंतर, टी 2019 साली, असे एकामागून एक गेम इंग्रजीत झाले ते फक्त एशियन प्रतीपुरते. एसडी गंडम जी जनरेशन जेनेसिसचंही तसंच. डेड ऑर अलाइव्ह एक्स्ट्रीम 3 पश्चिमेत आलाच नाही, एशियन प्रतीत इंग्रजी सबटायटल मिळाली. थोडक्यात, ज्याला इंग्रजीत हे खेळायचे होते त्याच्यापुढे ही एकच वाट होती.

पण "एशियन" शब्द दिसला की उडी मारू नका. एशियन प्रतींतही पोटजाती आहेत: इंग्रजी, चिनी, कोरियन, आणि चिनी-इंग्रजी एकत्र. पर्सोना 5 ची 2017 ची एशियन प्रत पारंपरिक चिनी लिपीत होती. तुम्ही जपानी टाळायला गेलात आणि चिनी घेऊन आलात, असं होऊ शकतं. विकणाऱ्याला "एशियन आहे का?" असं विचारू नका. "इंग्रजी सबटायटल आहेत का, आणि मेनू इंग्रजीत आहे का?" असं विचारा. उत्तर लेखी घ्या. तापकीर गल्लीत वायर घेताना आपण मीटर लावून बघतो, तेवढी चिकित्सा इथेही हवी.

इंग्रजी मिळालं म्हणजे चांगलं इंग्रजी मिळालं असंही नाही. स्वोर्ड आर्ट ऑनलाइन: हॉलो फ्रॅगमेंटची 2014 ची इंग्रजी प्रत भाषांतरासाठी कुप्रसिद्ध आहे. पुढे पीएस4 च्या सुधारित आवृत्तीत ते नीट केलं गेलं. आणि एशियन इंग्रजी प्रतींत आवाज सहसा जपानीच राहतात. मला तेच आवडतं, पण ज्याला इंग्रजी संवाद ऐकायचे आहेत त्याने आधीच माहीत करून घ्यावं.

डबा हातात असेल तर ओळखायची एक युक्ती सांगतो. प्लेस्टेशनच्या जपानी आणि एशियन डब्याच्या कण्यावर, म्हणजे अरुंद उभ्या कडेवर, चार रोमन अक्षरं आणि एक आकडा असतो. त्यातलं तिसरं अक्षर बघायचं. पीएस4 वर पीएलजेएम किंवा पीएलजेएस असेल तर तिसरं अक्षर जे, म्हणजे जपान. पीएलएएस असेल तर ए, म्हणजे एशिया. पीएस5 वर तेच ईएलजेएम आणि ईएलएएस. पीएस3 च्या काळातही हेच चालायचं: बीएलजेएम जपानी, बीएलएएस एशियन, बीएलईएस युरोपीय, बीएलयूएस अमेरिकन. विकणाऱ्याने फक्त समोरचा फोटो टाकला असेल तर कण्याचा मागा. देत नसेल तर सोडून द्या.

वयाचं चिन्हही मदत करतं. सेरोचं अक्षर दिसलं की प्रत जपानी. तैवानी चिन्ह, चिनी मजकूर किंवा सिंगापूरचं एम18 दिसलं की एशियन. मागच्या बाजूला पृथ्वीच्या गोळ्यात 2 किंवा 3 असा आकडा असेल तर घाबरू नका. तो विक्रीच्या पट्ट्याचा आकडा आहे, गेम त्याने अडत नाही. हां, कन्सोलवर ब्लू-रे सिनेमा बघणार असाल तर ते कुलूप अजून आहे: जपान ए विभागात, आपण सी विभागात. गेमची डिस्क आणि सिनेमाची डिस्क एकाच खाचेत जातात, नियम वेगळे.

दोन प्रतींमधला खरा खर्चिक फरक नंतर कळतो, डीएलसी म्हणजे गेमचे वेगळे विकत मिळणारे जोडभाग घेताना. डिस्क कुठलीही चालते, पण जोडभाग डिस्कच्याच पट्ट्याच्या दुकानातून घ्यावा लागतो. जपानी डिस्कला जपानी खातं, एशियन डिस्कला हाँगकाँग किंवा सिंगापूरचं खातं. तुमच्या भारतीय खात्यातून घेतलेला जोडभाग त्या डिस्कला बहुधा ओळखतच नाही. प्लेस्टेशनच्या खात्याचा देश एकदा ठरला की बदलत नाही, म्हणून वेगळं खातं उघडावं लागतं. मग भारतीय कार्ड तिथे चालत नाही, मग त्या देशाचं गिफ्ट कार्ड शोधा... दीड हजाराच्या जोडभागासाठी एक अख्खा रविवार गेलाय माझा. निन्टेंडोचं खातं या बाबतीत समजूतदार आहे, त्यात देश बदलता येतो. ज्या गेमची निम्मी मजा जोडभागांत आहे, तो मी आता आयात करत नाही. सरळ आपल्या खात्याला जुळणारी प्रत घेतो, चार पैसे जास्त गेले तरी.

उलटही घडतं. फायनल फँटसी टेन आणि टेन-टू या जोडगोळीची स्विचवरची अमेरिकन प्रत घेतली, तर कार्ट्रिजवर पहिलाच गेम आणि दुसरा डाउनलोडचं कूपन. एशियन प्रतीत दोन्ही गेम कार्ट्रिजवर. संग्रह करणारे लोक म्हणूनच एशियन प्रतीच्या मागे असतात, भाषेशी त्यांना घेणंदेणं नसतं.

इथवरचं सगळं गेमबद्दल. 2025 पासून एक नवा खड्डा तयार झालाय आणि तो कन्सोलचा आहे. जपानला जाणाऱ्या नातेवाइकाला "येताना स्विच 2 आण, तिकडे स्वस्त आहे" असं सांगण्याआधी हे वाचा. 5 जून 2025 ला स्विच 2 आला तेव्हा जपानमध्ये त्याचे दोन प्रकार निघाले. 49,980 येनचा, फक्त जपानी भाषेचा. आणि 69,980 येनचा, सगळ्या भाषांचा. पहिल्यात भाषा बदलत नाही आणि जपान हा देश असलेलंच निन्टेंडो खातं जोडता येतं. दुसरा निन्टेंडोच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानातूनच मिळतो. म्हणजे तुमच्या मामेभावाला रस्त्यावरच्या दुकानात दिसणार तो पहिलाच. सोनीनेही नोव्हेंबर 2025 मध्ये तेच केलं: डिस्क नसलेला पीएस5, 55,000 येन, भाषा फक्त जपानी, खातं फक्त जपानचं. कमजोर येनच्या काळात जपानी गिऱ्हाइकाला स्वस्त द्यायचं आणि परदेशात उचलून नेणाऱ्यांना अडवायचं, असा हा हिशोब. मामेभावाने या वेळी फोन केला तेव्हा मी त्याला किटकॅटच आणायला सांगितलं.

सुपर रोबो वॉर्स व्ही मी शेवटी एशियन प्रतीत पुन्हा घेतला. कण्यावर पीएलएएस, मजकूर इंग्रजी. पहिल्याच पडद्यावर "सेव्ह करायचं का?" असा प्रश्न आला, मी सवयीने फुलीचं बटण दाबलं आणि सेव्ह झालंच नाही. जपानमध्ये गोल म्हणजे बरोबर आणि फुली म्हणजे चूक, पीएस4 पर्यंत तिथली बटणंही तशीच, आणि भाषांतर करणाऱ्यांनी इंग्रजी घातलं तरी बटणं तशीच ठेवली होती. पीएस5 ने 2020 मध्ये जगभर फुलीलाच होकार केलं. माझा पीएस4 अजून चालू आहे, त्यामुळे तो गेम लावला की पहिली दहा मिनिटं मी हो म्हणायचं तिथे नाही म्हणत असतो.