घर, बिऱ्हाड आणि सुटकेची ओढ

१८५७ साली फ्रान्समध्ये ‘मादाम बोव्हारी’ ही कादंबरी पुस्तकरूपाने आली आणि त्याच वर्षी बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही मराठी कादंबरी प्रसिद्ध झाली. या दोन पुस्तकांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही, पण ती शेजारी ठेवून पाहिली की आपल्याकडच्या विवाहितेच्या दुःखाची जात वेगळी का होती ते कळते. एमा बोव्हारीला नवऱ्यापासून, त्याच्या सरळ आणि कंटाळवाण्या सहवासापासून सुटायचे आहे. यमुना मात्र नवऱ्याच्या सोबतीनेच प्रवासाला निघते आणि वाटेत तिला दिसतात त्या विधवांच्या कहाण्या.

हरि नारायण आपटे यांनी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहायला घेतली, तेव्हा हा फरक अधिक स्पष्ट झाला. या कादंबरीची नायिका यमू स्वतःची कथा स्वतः सांगते, आणि तिच्या आयुष्यातला मोकळा श्वास कुठे आहे, तर मुंबईच्या बिऱ्हाडात. लिहिता-वाचता येणे, नवऱ्याशी उघडपणे चार शब्द बोलता येणे, एवढ्यानेच ती उजळून निघते. तिचा छळ करते ते घर: सासरची वडीलधारी माणसे, सोवळे-ओवळे आणि शेवटी शंकरमामंजी, जे तिचे बळजबरीने केशवपन करवतात. नवऱ्याच्या हातचा छळ आपट्यांनी यमूची मैत्रीण दुर्गी हिच्या वाट्याला दिला आहे. माझ्या मते यमूच्या कथेइतकीच दुर्गीची कथाही वाचली जायला हवी होती.

प्रत्यक्षात नवऱ्याला नकार देणारी स्त्री कादंबरीच्या आधीच पुढे आली होती. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला यावे म्हणून त्यांचे पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबईत दावा लावला. १८८७ मध्ये न्यायालयाने नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे बजावले, आणि रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. असा ठाम नकार मराठी कादंबरीत यायला बराच काळ जावा लागला. विभावरी शिरूरकर या नावाने मालतीबाई बेडेकरांनी १९३४ मध्ये लिहिलेल्या ‘हिंदोळ्यावर’मधील अचला नवऱ्यापासून वेगळी राहते आणि लग्नाबाहेर सोबती निवडते, म्हणून केवढा गहजब झाला.

गोव्यात मात्र या गोष्टीचा क्रम उलटा लागतो. पोर्तुगीजांच्या १८६७ च्या नागरी संहितेने विवाहाला कायमचा करार मानले होते, आणि हिंदूंच्या रूढींसाठी निघालेल्या १८८० च्या फर्मानाने वयाच्या पंचवीस वर्षांपर्यंत अपत्य न झालेल्या बायकोवर, तिच्या संमतीने का होईना, दुसरी आणण्याची वाट पुरुषाला ठेवली होती. पोर्तुगाल प्रजासत्ताक झाल्यावर ३ नोव्हेंबर १९१० चा घटस्फोटाचा कायदा आला, आणि त्यात परस्पर संमतीनेही विवाह मोडण्याची सोय होती. भारताच्या हिंदू विवाह कायद्यात ही सोय १९७६ मध्ये आली. मालमत्तेतही पत्नी अर्ध्याची धनीण होती, फक्त कारभार नवऱ्याच्या हाती.

परंतु हा कायदा नवरा-बायको या दोघांपुरता होता, आणि फोंड्या-सांग्याकडच्या मोठ्या हिंदू घरांत ती दोघे एकटी कधीच नसत. मधे राजांगण, त्यात तुळस, भोवती चुलत्यांच्या खोल्या, आणि सुनेचा दिवस स्वयंपाकघर ते मागील दार एवढ्यात सरायचा. तिला आपले मन उघडे करायला जागा होती ती जात्यावरच्या ओवीत, नाहीतर पौषातल्या ढालोंत: जेवणे आटोपल्यावर वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, बायका सारवलेल्या मांडावर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या जागेवर, समोरासमोर दोन रांगा करून उभ्या राहात आणि वाकून, मागे-पुढे होत गात. रात्री घराबाहेर पडून मोठ्याने गाण्याची ती मुभा होती, म्हणून त्या गाण्यांकडे मी केवळ लोककला म्हणून पाहू शकत नाही.

गोवा मुक्त झाल्यानंतरच्या वर्षी, १९६२ मध्ये, आगोश्तिन्यु फर्नांडिस यांची पोर्तुगीज कादंबरी आली. तिचे नाव ‘बोडकी’. यमूच्या केशवपनानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी, आणि घटस्फोटाचा कायदा अर्धशतक जुना झालेला असताना, गोव्याच्या कादंबरीला हेच नाव घ्यावेसे वाटले. कारण जिचा नवराच राहिला नाही, तिला घरापासून सुटका मागण्यासाठी त्या कायद्यात एकही कलम नव्हते.