ग्रंथालयातला मौखिक इतिहास

मौखिक इतिहास म्हणजे एखाद्या घटनेतून, धंद्यातून किंवा काळातून स्वतः गेलेल्या माणसाला समोर बसवायचं, नीट तयारी करून प्रश्न विचारायचे आणि त्याचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवायचं. आजोबांच्या गप्पा मोबाईलवर टेप केल्या तर तो मौखिक इतिहास झाला का, तर अर्धाच, कारण कोणी विचारलं, कधी, कुठे, बोलणाऱ्याने कशाकशाला परवानगी दिली हे सगळं सोबत लिहून ठेवलं आणि अजून तीस वर्षांनी एखाद्या अनोळखी माणसाला ते सापडलं तरच त्याला अर्थ. हे निस्तरायचं काम बहुतेक ठिकाणी ग्रंथालयांकडे येतं. मुलाखत घेणं हा त्यातला सोपा भाग.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ॲलन नेव्हिन्स या इतिहासकाराने १९४८ मध्ये हे काम पद्धतशीर सुरू केलं. पहिल्या मुलाखतीला रेकॉर्डरच नव्हता, एक विद्यार्थी बसून हाताने लिहून घेत होता. पुढे यंत्रं आली, तरी बरीच वर्षं तिथे टाइप केलेला मजकूर हाच अस्सल कागद मानायचे, आणि टायपिंग झालं की टेप पुसून पुढच्या माणसासाठी वापरायचे! टेप महाग होती हे कबूल, पण आवाज गेला तो गेलाच. आपल्याकडे दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालय आणि ग्रंथालयाने (२०२३ पासून नाव बदललंय, पंतप्रधान संग्रहालय आणि ग्रंथालय) स्वातंत्र्यलढ्यातल्या लोकांच्या भरपूर मुलाखती जमवल्या, त्यातल्या कितीतरी हरिदेव शर्मा यांनी घेतलेल्या.

विचारणारा कोण आहे यावर उत्तर किती बदलतं याचं जबरदस्त उदाहरण अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. १९३६ ते १९३८ या काळात सरकारी योजनेतून, गुलामीत जन्मलेल्या आणि तेव्हा हयात असलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या २,३०० हून जास्त आठवणी लिहून घेतल्या गेल्या. त्यात साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनच्या सुझन हॅमिल्टन (एका कागदावर आडनाव हॅमलिन) या बाईंची मुलाखत दोनदा झालीय. एकदा गोऱ्या बाईने घेतली, तेव्हा मालक तसा बरा होता असा सूर, आणि ही बाई सरकारी मदतीच्या ऑफिसातून आलीय अशी म्हातारीची समजूत. दुसऱ्यांदा कृष्णवर्णीय माणसाने विचारलं तर मारहाण, ताटातूट, विकली गेलेली माणसं असं सगळं बाहेर आलं. यातला एकच कागद उरला असता तर आपण तोच खरा धरून बसलो असतो, म्हणून मुलाखत घेणाऱ्याचं नाव आणि ओळख नोंदीत असायलाच पाहिजे, ती नुसती औपचारिकता नाही.

ऐकलेलं लिहायचं कसं हा पुढचा घोळ. एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला सहा-आठ तास सहज जातात, आणि उतरवणारा शिकलेला असला की त्याचा हात नकळत बोलीची प्रमाणभाषा करत सुटतो. या बाबतीत हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या बघाव्यात. एक लाखाच्या वर ओव्या आहेत, गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदवलेलं, शब्द तिच्या तोंडचे. हे काम ग्रंथालयाचं नाही आणि मुलाखतींचंही नाही, आता ते ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) ऑनलाइन संग्रहात ऐकायला मिळतं, पण नोंद कशी ठेवावी हे शिकायला ग्रंथालयवाल्यांनी तिथेच जावं असं माझं मत.

सगळंच्या सगळं उतरवणं परवडत नाही म्हणून अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २००८ मध्ये ओएचएमएस नावाची सिस्टीम बनवली. त्यात कितव्या मिनिटाला कसला विषय निघाला याची अनुक्रमणिका असते, क्लिक केलं की थेट तिथलं बोलणं ऐकू येतं.

जपणुकीचं म्हणाल तर जुन्या टेप हे मोठं दुखणं. काही टेपवरचा लेप हवेतला ओलावा ओढून चिकट होतो, मशीनला लावली की करकरते आणि लेप निघून येतो, मग ती मंद आचेवर, साधारण पन्नास अंश तापमानात, काही तास चक्क भाजून घ्यावी लागते आणि त्यानंतरच्या थोड्या दिवसांत कॉपी उरकायची. नवी फाइल डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता जसाच्या तसा साठवणारा प्रकार) आणि २४ बिट ठेवतात, ४८ किलोहर्ट्झला तासाभराचं स्टिरिओ रेकॉर्डिंग एक जीबीच्या आसपास जातं, ऐकायला एमपीथ्री वेगळी. पण डिजिटल केलं म्हणजे सुटलो असंही नाही, ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिथली ऑनलाइन ध्वनिमुद्रणं बराच काळ बंद पडली.

सगळ्यात अवघड मामला परवानगीचा, आणि त्यात अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजचं प्रकरण अजून सगळीकडे सांगितलं जातं. २००१ ते २००६ मध्ये उत्तर आयर्लंडच्या संघर्षातल्या (ब्रिटनमध्ये राहायचं की आयर्लंडमध्ये जायचं यावरचा) दोन्ही बाजूंच्या माजी हत्यारबंद लोकांच्या मुलाखती घेऊन त्या कॉलेजच्या बर्न्स लायब्ररीत ठेवल्या, तुम्ही जिवंत असेपर्यंत टेप बाहेर जाणार नाही असा शब्द देऊन. प्रकल्पप्रमुखाच्या करारात ‘अमेरिकन कायदा परवानगी देईल तितकंच’ अशी अट होती, पण बोलणाऱ्यांनी सही केलेल्या फॉर्मवर ती नव्हतीच. २०११ मध्ये १९७२ च्या एका खुनाच्या तपासासाठी ब्रिटनच्या विनंतीवरून समन्स निघालं, कोर्टबाजी झाली आणि २०१३ मध्ये काही टेप पोलिसांच्या हाती गेल्या. २०१४ मध्ये आयर्लंडच्या एकीकरणाची मागणी करणाऱ्या सिन फेन पक्षाचे तेव्हाचे अध्यक्ष गेरी ॲडम्स यांना त्याच खुनाच्या तपासात अटक करून चार दिवस चौकशी झाली, आरोप न ठेवता सोडलं, आणि त्यानंतर कॉलेजने सांगितलं की ज्यांना आपल्या टेप परत हव्यात त्यांनी घेऊन जाव्यात.