कार्ट्रिज भरून घ्यायची सवय कुठून आली

बेळगावात संगणकाच्या दुकानात जाऊन "टोनर द्या" असं फारसं कुणी म्हणत नाही. "टोनर भरून द्या," असं म्हणतात. टोनर म्हणजे लेझर प्रिंटरची कोरडी पावडर आणि ती ज्या डब्यात असते ते कार्ट्रिज. दुकानदार काउंटरवर जुना पेपर अंथरतो, कार्ट्रिजच्या पिना काढून त्याचे दोन भाग सोडवतो, आत साठलेली वाया गेलेली पावडर झटकतो, उरलेली पावडर खरवडणारं ब्लेड पुसतो, बाटलीतली नवी पावडर ओततो आणि एक टेस्ट प्रिंट काढून हातात देतो. दोन-तीनशे रुपयांत काम होतं. कंपनीचं नवं कार्ट्रिज घ्यायचं तर त्याच्या कितीतरी पट पैसे जातात.

या सवयीला काटकसर म्हणून सोडून देता येत नाही. तिची एक मुळी प्रिंटर ज्या तऱ्हेनं बनवला गेला तिथं आहे आणि दुसरी सीमाभागातल्या घराला लागणाऱ्या कागदांत.

आधी यंत्राचं. चेस्टर कार्लसन न्यूयॉर्कमधल्या एका कंपनीच्या पेटंट विभागात कामाला होता. कागदांच्या प्रती सतत लागत आणि त्या पुन्हा टंकलिखित कराव्या लागत किंवा फोटो काढून घ्याव्या लागत. त्या त्रासातून त्यानं प्रयोग सुरू केले. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी अस्टोरिया भागातल्या भाड्याच्या खोलीत गंधकाचा थर दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर त्यानं पहिली कोरडी प्रत उमटवली. त्या प्रतीवर तारीख आणि त्या भागाचं नाव एवढंच होतं. तिथून बाजारात चालणारं यंत्र यायला एकवीस वर्षं लागली. १९५९ साली झेरॉक्स ९१४ आलं आणि कंपनीचं नाव पुढं आपल्याकडे प्रतीचंच नाव होऊन बसलं. आपण झेरॉक्स काढतो, झेरॉक्स जोडतो, झेरॉक्सवर सही करतो.

त्या मोठ्या कॉपियर यंत्रांत पावडर वरून ओतायची सोय होती. पावडरीची प्रतिमा आधी ज्याच्यावर उमटते तो ड्रम वेगळा असायचा, तो झिजला की मेकॅनिक येऊन बदलायचा. म्हणजे आज दुकानदार जे करतो ते तेव्हा उघडपणे चालायचं आणि त्याला रिफिल असं वेगळं नावही नव्हतं. बदल झाला १९८२ साली. कॅनॉननं पीसी-१० आणि पीसी-२० हे छोटे कॉपियर आणले आणि ड्रम, त्याच्यावर पावडर चढवणारा डेव्हलपर, टोनर हे सगळं एकाच डब्यात घातलं. हेतू चांगला होता. छोट्या कचेरीत मेकॅनिकला बोलवायला लागू नये, माणसानं स्वतः जुना डबा काढावा आणि नवा सरकवावा. १९८४ साली एचपीनं पहिला लेझरजेट आणला तो याच कॅनॉनच्या गाभ्यावर. त्याची किंमत ३,४९५ डॉलर होती. एवढ्या महागाच्या यंत्रात डबा फेकून देणं कुणाला खटकलं नाही.

पुढं यंत्र स्वस्त होत गेलं आणि डबा महागच राहिला. पण त्या डब्यातला ड्रम पावडरीबरोबर मरत नाही. पावडर संपते तेव्हा ड्रममध्ये अजून जीव असतो. साधारण काळजी घेतली तर तो दोन-तीन भरण्या सहज काढतो. ही गोष्ट ज्यांच्या हाताला कळली त्यांनी जगभर रिफिलची दुकानं टाकली. बेळगावचं दुकान त्याच साखळीतलं.

शाईच्या प्रिंटरची गोष्ट थोडी वेगळी. १९७७ साली कॅनॉनमध्ये इचिरो एंडो यांच्या प्रयोगशाळेत सोल्डरिंगची तापलेली सळई शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि टोकातून शाईचा थेंब उडाला. उष्णतेनं बुडबुडा होतो आणि तो थेंब ढकलतो, हे त्यातून सुचलं. अमेरिकेत एचपीची माणसं जवळपास त्याच काळात तिथंच पोहोचत होती. १९८४ साली एचपीचा थिंकजेट ४९५ डॉलरला आला. शाई उडवणारा भाग म्हणजे हेड, तापणारं हेड कालांतरानं जळतं, म्हणून ते शाईच्या डब्यालाच चिकटवून दोन्ही एकदम टाकायचे, असं ठरलं. एप्सननं वेगळी वाट धरली. विजेनं आकार बदलणारा स्फटिक शाई ढकलतो, हेड तापत नाही, म्हणून ते यंत्रातच राहू शकतं. घरात कुठला प्रिंटर आहे यावर काटकसरीचा मार्ग ठरतो तो या फरकामुळे. हेड डब्यावर असेल तर शाई भरून चार-पाच वेळा वापरायचा, मग टाकायचा. हेड यंत्रात असेल तर शाई कितीही वेळा भरा, पण हेड वाळू द्यायचं नाही. ते वाळलं की दुरुस्ती नव्या प्रिंटरच्या किमतीला जाऊन भिडते.

आता आपल्याकडचं.

इथं छापायची गरज संगणकाच्या कितीतरी आधीची. बाबूराव ठाकुरांनी १९१९ साली 'तरुण भारत' सुरू केला तेव्हापासून या गावाला मराठी खिळ्यांची आणि छापखान्याच्या शाईच्या वासाची ओळख आहे. शाळांचे पेपर सायक्लोस्टाइलवर निघायचे. स्टेन्सिलवर टोकदार लेखणीनं लिहायचं आणि रुळाला शाई लावून कागद ओढायचे. ज्यांनी ते काम केलं त्यांच्या बोटांचा निळसरपणा आठवडाभर जात नसे. नंतर डॉट मॅट्रिक्स आला. पतसंस्थांत, सौहार्द सोसायट्यांत, निपाणीच्या तंबाखूच्या पेढ्यांवर तो खरखरत राहिला आणि पासबुकापुरता आजही आहे. त्याची रिबन सुकली की टाकून द्यायची नसते, तिच्यावर शाई चढवायची, हे तेव्हाच अंगवळणी पडलं. टोनर भरायची कल्पना नंतर आली तेव्हा ती कुणाला नवी वाटली नाही.

१९९८ साली विश्वेश्वरय्या तंत्रविज्ञान विद्यापीठ बेळगावात आलं. इंजिनिअरिंगचा प्रोजेक्ट रिपोर्ट म्हणजे शंभरेक पानं, त्याच्या बांधीव प्रती, प्रत्येक विद्यार्थ्याला एक, गाइडला एक, कॉलेजला एक. त्या हंगामात कॉलेजांजवळच्या झेरॉक्सवाल्यांचे प्रिंटर रात्री उशिरापर्यंत चालू असत. कंपनीचे डबे वापरून तो दर परवडलाच नसता. पावडरीचा ठोक माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतो आणि बेंगळुरूच्या एसपी रोडवरही. बेळगाव बरोबर दोहोंच्या मधे आहे, दोन्हीकडून रात्रीची बस सुटते.

पण कॉलेज बाजूला ठेवलं तरी इथल्या मराठी घराचा कागद वेगळाच. २००० नंतर कर्नाटकानं 'भूमी' योजनेत जमिनीचे उतारे संगणकावर घेतले. सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे दोन कोटी उतारे त्यात गेले, हातानं लिहिलेला उतारा बाद झाला आणि पंधरा रुपयांत छापील मिळू लागला. सोय मोठी झाली, तलाठ्याच्या मागं हिंडणं कमी झालं. मात्र उतारा कन्नडमध्ये. घरातल्या वयस्कर माणसाला वाचायला त्याचं मराठी भाषांतर हवं, कोल्हापूरच्या वकिलाला दाखवायला हवं. म्हणजे एका कागदाचे दोन कागद. एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त असतील तर सरकारी कागद त्यांच्या भाषेतही द्यावेत, हा निकष केंद्रानं राज्य पुनर्रचनेच्या काळापासून मान्य केलेला आहे. तो इथं पाळला गेला असता तर घरोघरचा हा दुहेरी खर्च वाचला असता. मला हे मनापासून लागतं, कारण टोनरचं बिल बघताना त्यातला अर्धा भाग भाषेचा आहे हे दिसत राहतं.

त्यात मुलांची अ‍ॅडमिशन. कर्नाटकातल्या ज्या ८६५ सीमावर्ती गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे तिथल्या मुलांना महाराष्ट्र शासन आपल्याकडच्या प्रवेशासाठी वेगळं स्थान देतं. इंजिनिअरिंगच्या प्रवेशात त्याला टाइप ई म्हणतात. त्यासाठी रहिवासाचे, भाषेचे, शाळेचे दाखले लागतात. इकडचा दाखला कन्नडमध्ये, तिकडं तो मराठी किंवा इंग्रजीत हवा, वर साक्षांकित प्रती. जून-जुलैत खानापुरातून, येळ्ळूरहून लोक सकाळच्या बसनं येतात ते फाइल काखेत घेऊनच. २०२३ साली महाराष्ट्रानं याच गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, तेव्हा अर्जांचा आणखी एक गठ्ठा वाढला. २०२१ मध्ये तर सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर करोनाच्या आरटीपीसीआर चाचणीचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय गाडी पुढं सुटत नव्हती. कोल्हापूरला पेशंट असलेल्या घरांनी तेव्हा प्रिंटर विकत घेतले. शाळाही मोबाइलवर चालत होत्या, वर्कशीट व्हॉट्सअ‍ॅपवर यायच्या आणि झेरॉक्सची दुकानं बंद होती.

या सगळ्या काळात इथल्या घराचा आणि दुकानाचा आधार राहिला तो दोन लहान लेझर प्रिंटरांचा, एचपी १०२० आणि कॅनॉन एलबीपी २९००. पहिल्यात १२ए कार्ट्रिज, दुसऱ्यात ३०३. आतून ही जुळी भावंडं, कारण एचपीच्या त्या यंत्रांचा गाभा कॅनॉनच बनवत असे. १९८४ ची ती जुनी भागीदारी बेळगावच्या रिफिलवाल्याला अशी उपयोगी पडली. एकच पावडर, एकच ब्लेड, एकच ड्रम ठेवला की निम्म्या गावाचं काम भागतं. शिवाय डबा कुणाचा आहे हे प्रिंटरला सांगणारी चिप या कार्ट्रिजना नाही. भरून बसवलं की प्रिंटर गुमान चालतो.

डब्यावर लिहिलेली पानं मात्र जपून वाचावीत. १२ए वर २,००० पानं म्हणतात, ती पानाचा पाच टक्के भाग काळा धरून. आपल्या मराठी पानावर प्रत्येक शब्दाला शिरोरेषा, त्यात अर्जाचा मथळा ठळक, वर उताऱ्याचा स्कॅन असला की त्याची करडी छटा. तेवढी पानं माझ्याकडे कधीच निघाली नाहीत. नव्या प्रिंटरसोबत येणारा डबा तर बऱ्याचदा कमी भरलेला असतो. आमच्या काकूंचा उपाय वेगळा. टोनर संपल्याची खूण आली की त्या म्हणतात, "काढून जरा हलवून बघ की, अजून पन्नास पानं निघतील." निघतात. आत एका बाजूला बसलेली पावडर हलवल्यावर सारखी पसरते.

रिफिलमध्ये फसगतही होते. एका दुकानात मी स्वस्त पावडर भरून घेतली आणि पुतणीच्या दाखल्यांवर उभी काळी रेघ आली. ड्रमला ओरखडा गेला होता. शेवटच्या दिवशी पुन्हा प्रती काढायला धावपळ झाली. तेव्हापासून ड्रम किती भरण्यांचा झाला हे मी डब्यावर पेननं लिहून ठेवते आणि तिसऱ्या भरणीला ड्रम आणि ब्लेड बदलून घेते. त्याचे जादा पैसे जातात, तरी नव्या डब्याच्या मानानं ते काहीच नाहीत.

कंपन्यांनी हे नुसतं बघत बसणं शक्यच नव्हतं. शाईच्या आणि टोनरच्या डब्यांवर चिपा आल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या अनेक ऑफिसजेट प्रिंटरांनी एका ठरलेल्या दिवशी परक्या चिपचे डबे नाकारायला सुरुवात केली. त्याआधीच्या अपडेटमध्ये ते पेरून ठेवलं होतं. लेक्समार्क या प्रिंटर कंपनीनं रिफिलवाल्यांविरुद्ध केलेला खटला तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ३० मे २०१७ रोजी न्यायालयानं सांगितलं की वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. निकाल तिकडचा, इथं तो लागू नाही. पण विकत घेतलेला डबा कुणाच्या मालकीचा, या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर त्यात आहे.

शाईच्या बाबतीत रिफिलवाले कोर्टाबाहेरच जिंकले. आशियातल्या बाजारांत लोक प्रिंटरच्या बाजूला बाटल्या टांगून, नळ्या आत सोडून छापत होते. इंडोनेशियात हे फार वाढलं तेव्हा २०१० साली एप्सननं तिथं स्वतःच टाकी असलेला प्रिंटर काढला. पुढं तो भारतात आला, मग कॅनॉन आणि एचपीनंही टाक्या आणल्या. एप्सनच्या सुरुवातीच्या टाकीची काळी बाटली ७० मिलीची आणि तिच्यात सुमारे ४,००० पानं. छोट्या शाईच्या डब्यात शे-सव्वाशे पानांवर आटोपायचं. यंत्र महाग आणि शाई स्वस्त, असं सगळं गणित उलटं झालं. रस्त्यावरच्या मेकॅनिकनं जे केलं ते कंपनीनं खोक्यात घालून विकलं.

तरीही महिन्याला दहा-वीस पानं काढणाऱ्या घरानं टाकी घेऊ नये, असं मी सांगते. शाईचा प्रिंटर बंद पडून राहिला की नळ्या सुकतात, मग तो हेड साफ करायला शाई ओतत राहतो आणि ती शाई आतल्या स्पंजात जाते. उन्हाळ्यात हे लवकर होतं. कोरड्या पावडरीला वाळायची भीती नाही, तिला पाऊस सोसत नाही. खानापूर-कणकुंबीकडच्या घरात जुलैमध्ये कागद दमट होतो, टोनर नीट चिकटत नाही, दोन-दोन पानं एकदम ओढली जातात. कागदाचं रिम उघडलं की पिशवीत घट्ट बांधून कपाटात ठेवायचं आणि लागतील तेवढीच पानं ट्रेमध्ये घालायची. पावसाळ्यात वाया जाणारी निम्मी पानं यानं वाचतात.

रिकामी कार्ट्रिज विकत घेणारे लोक अलीकडे दारोदार फिरतात. मूळ कंपनीचं असेल तर भाव बरा देतात. त्यातली काही कार्ट्रिज साधी पावडर भरून, मूळ खोक्यात घालून नवी म्हणून बाजारात परत येतात. म्हणून रिकामा डबा देताना खोकं फाडून द्यावं. झटकलेली पावडरही गटारात जाऊ देऊ नये. ई-कचऱ्याच्या नियमांत प्रिंटरसोबत कार्ट्रिजचं नाव आहे. आमचा दुकानदार ती जुन्या रंगाच्या डब्यात झाकण लावून साठवतो.