नाट्यशास्त्राला प्रवेश घ्यायचाय? ऑडिशनआधी फाईल तयार करा

युवक महोत्सवात एकांकिका गाजवलेली पोरं-पोरी नाटकच शिकायचं ठरवतात, तेव्हा स्वगत महिनाभर घोकतात आणि कागदपत्रांकडे शेवटच्या आठवड्यात वळतात. अभिनयात कुठंही कमी नसलेली मुलं मग सेतू केंद्रात अडकून पडतात. याचं फार वाईट वाटतं, म्हणून आधी कागदांचं बोलू.

मराठवाड्यात मुख्य दोन वाटा आहेत. छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आणि नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. तिसरी वाट दिल्लीची, राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची. बीड जिल्ह्यातले वामन केंद्रे तिथं शिकले आणि पुढं त्याच संस्थेचे संचालक झाले, तेव्हा दिल्ली आपल्यासाठी नाही असं मनात आणू नका.

दहावी-बारावीचे मेमो म्हणजे गुणपत्रिका, पदवीचे सगळे मेमो, टीसी, आधार, फोटो हे सगळीकडे लागतंच. मेमोवरचं आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते आजच बघा. वडिलांच्या नावापुढं एकीकडं ‘राव’ आहे आणि दुसरीकडं नाही, एवढ्यावरूनही फॉर्म अडतो. शिक्षणात खंड असेल तर गॅपचं शपथपत्र करून ठेवा.

लातूर, नांदेड, परभणी, हिंगोलीची महाविद्यालयं नांदेड विद्यापीठाकडे, तर संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिवची संभाजीनगरकडे. म्हणजे लातूरला पदवी घेऊन संभाजीनगरला जाणाऱ्याला मायग्रेशन सर्टिफिकेट काढावं लागतं. निकाल लागला की लगेच अर्ज टाका.

राखीव जागेसाठी जातीचा दाखला, जात वैधता आणि लागू असेल तिथं नॉन-क्रिमीलेअर. वैधतेला महिने लागतात. दिल्लीला मात्र राज्याचा नॉन-क्रिमीलेअर चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो. वंजारी, धनगर मुलांनी हे नीट लक्षात घ्यावं: राज्यात तुम्ही एनटीत (भटक्या जमातींत) असलात तरी केंद्राच्या यादीत ओबीसीत येता. तहसीलमध्ये अर्ज करतानाच ‘केंद्रासाठी’ असं स्पष्ट सांगा.

राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. कोणत्याही शाखेची पदवी चालते, पण नाटकांत काम केल्याचा अनुभव मागतात आणि हिंदी-इंग्रजी समजावी लागते. निवड दोन टप्प्यांत होते: आधी प्राथमिक चाचणी, मग निवडलेल्यांची दिल्लीत काही दिवसांची कार्यशाळा. त्यामुळं प्रत्येक प्रयोगाचा पुरावा जपा. राज्य नाट्य स्पर्धेचं प्रमाणपत्र, नाव छापलेली पत्रिका, पेपरातलं कात्रण, काहीही. गावच्या गणेशोत्सवातल्या नाटकाचंसुद्धा मंडळाच्या लेटरहेडवर लिहून घ्या. कोणत्या संस्थेला काय चालतं, किती गुण आणि वय लागतं, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकातून बघा. मागच्या वर्षीच्या व्हॉट्सअॅप फॉरवर्डवर विसंबू नका.

आता ऑडिशन. दोन-तीन मिनिटांचे दोन उतारे बसवा, एक गंभीर, एक हलका. पाठांतर झालं की थांबू नका. हे पात्र कुणाशी बोलतंय, ते माणूस खोलीत नेमकं कुठं उभं आहे, हे ठरवा. नजर तिथं गेली की आवाज आपोआप बदलतो. परीक्षक मध्येच थांबवून “हेच आता कुजबुजत म्हणा” किंवा “आईला समजावतोय असं करा” असं सांगतात. तुम्ही सांगितलेलं किती पटकन घेता हे ते बघत असतात, म्हणून एकाच पद्धतीनं घट्ट बसवलेला उतारा तिथं गोत्यात आणतो.

आपल्या बोलीची लाज मुळीच बाळगू नका. ‘काय करायलास’ म्हणणारं पात्र तुमच्या तोंडी जिवंत होत असेल तर एक उतारा बोलीत करा, दुसरा प्रमाण मराठीत, म्हणजे दोन्हीवरची पकड दिसते. गाता येत असेल तर पैठणच्या एकनाथांचं एखादं भारूड तयार ठेवा, त्यात गाणं, अभिनय आणि बोलणं तिन्ही येतं.

त्या दिवशी हालचाल करता येईल असे साधे कपडे घाला. मूळ कागद आणि झेरॉक्सचे दोन संच वेगवेगळ्या फायलींत ठेवा. शिष्यवृत्तीसाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज प्रवेशानंतर करायचा असतो, त्याला उत्पन्नाचा दाखला लागेल. वसतिगृहाचा अर्ज वेगळा असतो. प्रवेश पक्का झाला की त्याच दिवशी तो देऊन टाका.