फोटोवाले पेन ब्लँक : प्रिंट आम्हीच का चिकटवतो, आणि तुम्ही काय पाठवायचं

पेन ब्लँक म्हणजे पितळेच्या ट्यूबभोवती रेझिन ओतून केलेला दांडका, तो लेथवर कातून पेन होतो; फोटोवाल्यात ट्यूबवर आधी फोटोची प्रिंट चिकटवलेली असते. ऑर्डर देताना बहुतेकजण विचारतात, "प्रिंट मी घरीच काढलीय, ट्यूबवर चिकटवून पाठवतो, तुम्ही फक्त रेझिन ओतून द्या ना." प्रत्येकाला वेगळं समजावत बसण्यात वेळ जातो म्हणून इथे सविस्तर लिहितोय. घरी चिकटवलेली ट्यूब आम्ही घेत नाही. आडमुठेपणा वाटेल, पण कारण वाचा मग ठरवा.

घरची प्रिंट म्हटलं की दहापैकी नऊ वेळा ती ग्लॉसी फोटो पेपरवर असते. चांगला कागद म्हणून माणूस हौसेने तोच घेतो आणि नेमका तोच इथे नडतो. स्लिम पेनची ट्यूब ७ मिमीची, म्हणजे घेर सगळा मिळून २२ मिमी. फोटो पेपर साधारण पाव मिलिमीटर जाड असतो, एवढ्या छोट्या वळणावर तो नीट बसतच नाही, सारखा उघडायला बघतो आणि जॉइंटपाशी कड उचलली जाते. बरं, जॉइंटवर कागदावर कागद आला की तिथे झाला अर्धा मिमी. आता हिशोब करा, स्लिम किटमध्ये (किट म्हणजे पेनचे धातूचे सुटे भाग) लेथवर बुशिंगपर्यंत, म्हणजे टोकाला लावलेल्या मापाच्या कडीपर्यंत, उतरवल्यावर ट्यूबच्या वर जेमतेम ०.६ ते ०.७ मिमी रेझिन उरतं, त्यातला अर्धा मिमी कागदानेच खाल्ला तर वर राहिलं काय? शेवटच्या हलक्या कटला टूल सरळ फोटोत घुसतं. आणि हे कळतं कधी, तर सगळं काम झाल्यावर.

दुसरं म्हणजे हवा. उचललेल्या कडेखाली हवा अडकते, रेझिन तिथे अर्धवट शिरतं आणि नंतर बरोबर त्याच जागी चंदेरी डाग दिसतो, उजेडात पेन फिरवला की चमकतो. रेझिन कडक झाल्यावर त्याला काहीच इलाज नाही. ट्यूब गेली, रेझिन गेलं, आणि ग्राहक म्हणतो तुमच्या कास्टिंगमध्ये बुडबुडे आहेत.

आम्ही करतो ते असं. ट्यूब आधी घासून पांढऱ्या रंगाने रंगवतो. पितळ दिसलं तर काय बिघडलं असं काहीजण विचारतात, पण साध्या कागदात रेझिन मुरलं की तो तेल लागलेल्या कागदासारखा आरपार दिसायला लागतो, मागचं पितळ डोकावतं आणि चेहऱ्यांना कावीळ झाल्यासारखी दिसते. साध्या प्रिंटरकडे पांढरी शाई नसते, फोटोतला पांढरा म्हणजे कागदाचाच पांढरा, त्यामुळे मागची बाजू पांढरी हवीच. (ज्यांना मुद्दाम पितळेची झळाळी हवी असते, काळ्या रेषांचं डिझाइन वगैरे, त्यांना आम्ही पारदर्शक फिल्मवर छापून देतो, ते खरंच भारी दिसतं, एकदा करून बघा.) मग पातळ कागदावर प्रिंट, जॉइंट अगदी कडेला कड किंवा मिलिमीटरभरच ओव्हरलॅप, आणि वरून सीलरचे पातळ कोट. कापलेल्या कडांवर सीलर जास्त, कारण हवा तिथूनच सुटते. इंकजेटची साधी शाई पाण्याने पसरते, त्यामुळे पाण्याचा सीलर तिच्यावर फासला की झालाच चिखल, हाही घरच्या कामातला नेहमीचा घोळ.

त्यानंतर ट्यूब पूर्ण वाळवायची. इथेच लोकांची घाई असते, "उद्या मिळेल का?" नाही मिळणार. आम्ही वापरतो ते पॉलियुरेथेन रेझिन ओलाव्याला लागलं की त्यात गॅस सुटतो आणि फेस येतो, आणि कागद हवेतला ओलावा धरून बसतो. ट्यूबची दोन्ही तोंडं बंद करून मोल्डमध्ये ठेवायची, रेझिन ओतायचं आणि मोल्ड प्रेशर पॉटमध्ये (हवेच्या दाबाचं बंद भांडं) ४० ते ६० पीएसआय दाबावर, रेझिन सेट होईपर्यंत. प्रेशरने बुडबुडे नाहीसे होत नाहीत, इतके बारीक होतात की डोळ्याला दिसत नाहीत, म्हणून मधेच पॉट उघडून चालत नाही.

आता फोटो कसा पाठवायचा. रिझोल्यूशनची लोक उगाच धास्ती घेतात. २२ बाय ५० मिमीची प्रिंट ३०० डीपीआयला म्हणजे फक्त २६० बाय ५९० पिक्सेल, व्हॉट्सअॅपवर आलेला फोटोसुद्धा त्याला पुरतो. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. पेन हातात धरल्यावर एका वेळी घेराचा साधारण तिसरा भागच नीट दिसतो, १० मिमीच्या ट्यूबवर म्हणजे जेमतेम १० मिमी रुंदी. तिथे एक चेहरा छान बसतो, दोन कसेबसे, अख्ख्या खानदानाचा ग्रुप फोटो बसवला तर कोण काका आणि कोण मामा ते भिंगातूनही कळणार नाही. अशा वेळी आम्ही एकेक चेहरा कापून घेराभोवती फिरवून लावतो, फक्त आधी सांगा. नाव किंवा मजकूर टोकापासून २ मिमी आत ठेवा, ट्रिमिंगमध्ये तेवढं जाऊ शकतं. कार्टून, टीमचे लोगो वगैरे मालकाची परवानगी असेल तरच.

बरेचजण तयार पेन बघून विचारतात की फोटो वरच छापलाय का. नाही, आतच आहे. गोल रेझिन भिंगासारखं काम करतं आणि आतलं चित्र पार कडेपर्यंत पसरलेलं दिसतं, मधला पारदर्शक थर डोळ्याला जाणवतच नाही. मात्र त्यामुळे आतला बारीकसा डागही मोठा होऊन दिसतो, आमची सगळी किरकिर त्यासाठीच.

ब्लँक हातात आल्यावर टूल धारदार ठेवा, कट हलके घ्या, तापू देऊ नका. आणि टोकं ट्रिम केल्यावर कागदाची कड उघडी पडते, ते विसरू नका. तिथे पातळ सुपरग्लूचा एक थेंब फिरवा, वाळू द्या, मगच पाणी लावून सँडिंग. नाहीतर पाणी टोकातून कागदात चढतं आणि फोटोच्या कडेला ढगासारखा पट्टा येतो. तक्रार म्हणून जे ब्लँक आमच्याकडे परत येतात त्यात हाच पट्टा सगळ्यात जास्त दिसतो आणि तो कास्टिंगचा दोष नसतो, त्यामुळे असा ब्लँक बदलून देत नाही. आमच्या कामात बुडबुडा किंवा चंदेरी डाग निघाला तर लेथला लावायच्या आधी फोटो काढून पाठवा, दुसरा करून देऊ.

ऑर्डर देताना किटचं नाव, ट्यूबची लांबी आणि बाहेरचा व्यास, बुशिंगचा व्यास, आणि मजकूर असेल तर पेनचं टोक डावीकडे धरून वाचायचा की उजवीकडे, एवढं एकाच मेसेजमध्ये लिहा. ट्यूब तुमच्या पाठवल्या तरी चालतात, कोऱ्या. छापायच्या आधी क्रॉप केलेला फोटो मंजुरीसाठी पाठवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत, आणि एकच ब्लँक हवा असला तरी करून देतो.