डबे ड्रायव्हर वाटतो, मग मूल काय शिकतं?

डिसेंबरात बेळगावच्या कॅम्पात घरांवर चांदण्या लागतात आणि टिळकवाडीतल्या ख्रिस्ती नसलेल्या बंगल्यांतही ख्रिसमस ट्री उभं राहतं. पोरं कॉन्व्हेंटात जातात, त्यांचा हट्ट असतो. त्यातच आईवडील कुंद्याचे, म्हणजे बेळगावच्या दुधाच्या मिठाईचे, डबे मागवतात आणि ड्रायव्हर ते वाटून येतो. हेतू असा की मुलांना देण्याची सवय लागावी. आता यात मुलाच्या खिशातलं काय गेलं?

हा प्रश्न खोचक वाटेल, पण 2012 साली कॅनडात प्रसिद्ध झालेला एक प्रयोग नेमका त्यावरच बोट ठेवतो. दोन वर्षांच्या आतल्या मुलांपुढे वाटीत खाऊ ठेवला, समोर एक बाहुलं बसवलं. कधी संशोधिकेने 'सापडलेला' खाऊ बाहुल्याला द्यायला सांगितला, कधी मुलाच्या वाटीतलाच. चेहऱ्यावरचा आनंद नंतर चित्रीकरण बघून मोजला. खाऊ मिळाल्यावर जेवढी मुलं खुलली, त्याहून जास्त देताना खुलली. आणि फुकटचा देण्यापेक्षा स्वतःच्या वाटीतला देताना आणखी जास्त.

पण म्हणून मुलाच्या हातातलं ओढून द्यायला लावू नये. 2013 मध्ये अमेरिकेत तीन-चार वर्षांच्या मुलांना एक स्टिकर दिलं. काहींना 'दे' असं सांगितलं, काहींना 'ठेव किंवा उदास बाहुल्याला दे, तू ठरव' म्हटलं. ज्यांनी स्वतः ठरवून दिलं, त्यांनी पुढे दुसऱ्या बाहुल्यालाही जास्त स्टिकरं दिली. बक्षिसाचं आमिष तर उलटंच पडतं: जर्मनीत 20 महिन्यांच्या ज्या मुलांना मदतीबद्दल खेळणं मिळालं, ती नंतर मदतीला कमी धावली. नुसत्या शाबासकीने मात्र तसं झालं नाही.

तेव्हा कुंदा वाटायचा तर खुशाल वाटा, पण त्याला मुलाचं दान म्हणू नका. मुलाच्या कपाटातलं एखादं बरं खेळणं, किंवा सुट्टीत मिळालेल्या पैशांतला वाटा, याचा निर्णय त्याच्यावर सोपवा.

"आज्जी, ही गाडी नवी आहे गं. जुनी देऊ?"

"तुझं तू ठरव रे बाळा."

एवढंच म्हणून आज्जीने गप्प बसायचं. त्याने गाडी ठेवून घेतली तर तोंडही वाकडं करायचं नाही. 'नाही' म्हणायची मुभाच नसेल, तर तो निवडीचा खेळ राहतो कुठे?