एकी आणि एकसारखेपणा

भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये एक काका वारले, त्यांच्या घरी शोकप्रार्थना होती. काका अलायन्स चर्चचे, म्हणजे प्रॉटेस्टंट, काकू माहेरच्या कॅथलिक. त्यामुळे खोलीत पाळकही होते आणि फादरही. गीत झालं, वचन झालं, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायला घेतली. 'वाइटापासून सोडव' इथपर्यंत सगळ्यांचा एक सूर. मग अर्धी खोली 'आमेन' म्हणून थांबली आणि उरलेली अर्धी 'कारण की राज्य...' म्हणत पुढे निघाली. पुढे गेलेल्यांचा आवाज दचकून बारीक झाला, थांबलेल्यांनी डोळे उघडले, एका पोराला हसू फुटलं आणि त्याच्या आजीने त्याला मांडीला चिमटा काढून गप्प केलं.

बाहेर चहा घेताना एक जण म्हणालाच, "एक प्रार्थना धड सोबत म्हणता येत नाही यांना, आणि म्हणे ख्रिस्ती ऐक्य!"

एकी आणि एकसारखेपणा यांची ही गल्लत आपल्याकडे इतकी सर्रास होते की त्या भाऊला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण त्या खोलीत एकी नव्हती असं मला वाटत नाही. रविवारी तीन वेगवेगळ्या घंटांना उठणारी माणसं एका सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसली होती, आणि कोणाच्या घरून किती डबे येणार हे सकाळीच ठरलं होतं. नव्हता तो एकसारखेपणा. एकी म्हणजे माणसं एकमेकांची असणं. एकसारखेपणा म्हणजे त्यांचे शब्द, कपडे, वेळापत्रक आणि गाण्याची चाल सारखी असणं. पहिली गोष्ट नात्याची आहे, दुसरी मापाची.

आधी त्या शेवटच्या ओळीचं, म्हणजे राज्य, सामर्थ्य आणि गौरव देवाचंच या स्तुतीचं, सांगतो, कारण तिच्यावरून दोन्हीकडचे लोक एकमेकांना चुकीचं ठरवतात. प्रॉटेस्टंट मंडळींना वाटतं कॅथलिकांनी प्रार्थना अर्धवट सोडली, कॅथलिकांना वाटतं यांनी शेपूट जोडलं. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सगळ्यांत जुन्या हस्तलिखितांत ही ओळ नाही, आणि लूकने दिलेल्या प्रार्थनेतही नाही. पण 'दिदाखे' नावाच्या फार जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेत तिचं थोडं आखूड रूप आहे, म्हणजे ही स्तुती मंडळीच्या तोंडी अगदी सुरुवातीपासून होती. कॅथलिक मिस्सामध्येही (त्यांच्या उपासनेत) ती म्हणतातच. फक्त मध्ये धर्मगुरू एक छोटी प्रार्थना म्हणतात आणि मग लोक ती ओळ घेतात. म्हणजे कोणी काही गाळलं नाही की चोरून घातलं नाही. थांबायची जागा तेवढी वेगळी.

खान्देशच्या माणसाला एकी आणि एकसारखेपणातला हा फरक समजायला खरं तर अडचण पडू नये. 1906 साली इंग्रजांनी खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, पुढे त्यांचे जळगाव आणि धुळे झाले, 1998 मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघालं. कलेक्टर तीन, बोलीही एक नाही: कुठे अहिराणी, कुठे लेवा, कुठे भिली, कुठे मावची. रावेरचा केळीवाला आणि नवापूरचा भातवाला एकमेकांसारखे अजिबात नाहीत. पण पुण्यात हॉस्टेलवर भेटले की पहिल्या पाच मिनिटांत शेवभाजीचा विषय निघतो आणि दोघं एकमेकांचे होतात. त्यासाठी कोणी त्यांना आधी एका बोलीत बोलायला शिकवलेलं नसतं.

आपल्या भागातल्या चर्चमधले फरकही बरेचसे असेच, नकाशावरून आलेले आहेत. मिशनऱ्यांच्या काळात मिशनांनी आपसांत प्रदेश वाटून घेतले होते. एकाच तालुक्यात दोन मिशनांनी ओढाताण करू नये हा त्यामागचा हेतू, आणि तो वाईट नव्हता. भुसावळ-जळगाव पट्ट्यात अमेरिकेतून आलेली ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, पश्चिमेला स्वीडनहून आलेली मंडळी, आणि रेल्वेच्या नोकरीबरोबर गोव्याहून आणि इतर ठिकाणांहून आलेली कॅथलिक कुटुंबं, जी आज नाशिक धर्मप्रांतात मोडतात. परिणाम असा की कोणाच्या पणजोबांनी सगळे सिद्धांत तपासून पंथ निवडला असं फारसं झालं नाही. ज्या गावात राहत होते तिथे जे मिशन होतं, त्याचे ते झाले. आता तिसऱ्या-चौथ्या पिढीत आपण तो पत्ताच श्रद्धेचा मुद्दा असल्यासारखा छातीशी धरतो, याची कधीकधी गंमत वाटते.

हा वाद नवाही नाही. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा 15 वा अध्याय काढून पाहा. अंत्युखियात यहुदी नसलेले लोक ख्रिस्ताकडे आले होते. यहुदीयातून काही जण आले आणि म्हणाले, सुंता केल्याशिवाय तुमचं तारण नाही. म्हणजे आधी आमच्यासारखे व्हा, मग आमचे व्हा. पौल आणि बर्णबा त्यांच्याशी भांडले, प्रकरण यरुशलेमेला गेलं, पेत्र बोलला, याकोबाने निकाल सांगितला: सुंतेची सक्ती नाही. पण निकाल कळवायला अंत्युखियाला जे पत्र पाठवलं त्यात मूर्तींना वाहिलेले पदार्थ, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि व्यभिचार यांपासून दूर राहा असंही लिहिलं. माझ्या मते यात फार शहाणपण आहे. त्यांनी 'काहीही चालेल' म्हटलं नाही. एका पंगतीत जेवता यावं म्हणून जेवढं सारखं असायला हवं तेवढंच मागितलं, बाकी सोडून दिलं. रोमकरांस पत्राच्या 14 व्या अध्यायात पौल तर थेट ताटावरच येतो. एक जण सगळं खातो, दुसरा फक्त भाजी खातो. त्याने याला तुच्छ मानू नये, याने त्याला दोषी ठरवू नये. आपल्याकडे एका घरात माळकरी आजोबा आणि मटण खाणारा नातू राहतात, तेव्हा आजी जशी दोन चुली न करता दोन पातेली ठेवते, तसंच हे.

आणि योहानाच्या 17 व्या अध्यायातलं ते वाक्य, जे ऐक्याच्या प्रत्येक सभेत वाचतात: सर्वांनी एक व्हावं. पुढचा भाग घाईत वाचला जातो. येशू म्हणतो, हे बापा, जसा तू माझ्यामध्ये आणि मी तुझ्यामध्ये, तसं. ख्रिस्ती शिकवणीनुसार पिता हा पुत्र नाही आणि पुत्र हा पिता नाही. तरी ते एक आहेत. नमुनाच असा निवडलाय की ज्यात एक असायला सारखं व्हावं लागत नाही.

'एकीकरण' हा तिसरा शब्दही या गोंधळात भर घालतो. संस्था एकत्र करणं ही वेगळीच गोष्ट. दक्षिणेत 27 सप्टेंबर 1947 रोजी चर्च ऑफ साउथ इंडिया झालं. उत्तरेत वाटाघाटींना जास्त वर्षं लागली आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा परंपरा मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं: अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन मेथडिस्ट, बाप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स. अमेरिकन मेथडिस्टांची मोठी शाखा अगदी शेवटी मागे हटली. खान्देशातल्या अलायन्स मंडळ्याही त्यात नाहीत. पण इथे बघण्यासारखी गोष्ट बाप्तिस्म्याची आहे. या सहांत तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा करणारे होते, आणि मोठं होऊन स्वतः विश्वास कबूल केल्यावरच पाण्यात उतरायचं असं मानणारेही होते. शेकडो वर्षांचं हे भांडण. त्यांनी तोडगा काढला तो असा, की दोन्ही रीती ठेवायच्या आणि दोन्ही खऱ्या मानायच्या. म्हणजे ज्याला आपण 'सगळं एक करून टाकलं' म्हणतो, त्या एकीकरणातही एकसारखेपणा मुद्दाम बाजूला ठेवला गेला.

याच्या उलटं चित्र पाहायला लांब जावं लागत नाही. एकच गीतपुस्तक, एकच बायबल, एकाच रंगाची वेदीवरची चादर, आणि जमिनीच्या सातबाऱ्यावरून दोन गट कोर्टात. माझ्या लहानपणी मी ज्या मंडळीत जायचो (नाव नको), तिथे एका दिवाळीनंतर अचानक दोन उपासना सुरू झाल्या, साडेआठची आणि साडेदहाची. दोन्हीत तीच गाणी, तोच क्रम. मध्ये अर्धा तास मुद्दाम मोकळा ठेवलेला, कोणी फाटकात समोरासमोर येऊ नये म्हणून. एकसारखेपणा शंभर टक्के होता की!

तरी एकसारखेपणाला नुसता खलनायक करून चालणार नाही. पाचोरा-जामनेरची पीजे गाडी ज्यांना आठवते त्यांना हे पटकन कळेल. मोठ्या गाडीने पाचोऱ्याला उतरायचं, सामान डोक्यावर घ्यायचं आणि छोट्या रुळांवरच्या पीजेत जाऊन बसायचं. गाडीचा रंग, गर्दी, खिडक्या वेगळ्या असल्या तरी काही बिघडत नव्हतं. पण रुळांमधलं अंतर वेगळं होतं, म्हणून डबा पुढे जात नव्हता. चर्चमध्ये तसं रुळाचं माप म्हणजे बाप्तिस्मा. पाणी, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने. एवढं सारखं असलं की कॅथलिक चर्चसुद्धा दुसऱ्या चर्चचा बाप्तिस्मा मान्य करतं आणि पुन्हा देत नाही. अर्थात बालकाचा बाप्तिस्मा न मानणाऱ्या मंडळ्या पुन्हा देतात. तिथे अजून सामान डोक्यावर घेऊन उतरावंच लागतं.

आणि जिथे एकीच अपुरी आहे तिथे गोड बोलून ती पूर्ण झाली असं म्हणणं मला आवडत नाही. त्या भुसावळच्या काकूंचंच बघा. चाळीस वर्षं त्या नवऱ्याबरोबर अलायन्सच्या उपासनेला बसल्या. प्रभुभोजनाचे, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीतल्या विधीचे, छोटे पेले रांगेतून यायचे, त्या तबक पुढच्या माणसाकडे द्यायच्या. काका नाताळच्या मिस्साला यायचे आणि सगळे ख्रिस्तप्रसाद, म्हणजे त्यांच्याकडचं प्रभुभोजन, घ्यायला उठले की बाकावर बसून राहायचे. कॅथलिक नियम सहसा ही देवाणघेवाण होऊ देत नाही, त्यामागे त्यांची कारणं आहेत आणि ती पोरखेळ नाहीत. पण हा फरक गाण्याच्या चालीचा नाही. ही खरोखरची फट आहे. 1908 पासून दरवर्षी 18 ते 25 जानेवारी हा आठवडा ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थनेसाठी ठेवतात, तो याच फटीसाठी. सगळ्यांनी पांढऱ्या साड्या नेसाव्यात म्हणून नव्हे.

घरातल्या भक्तीत मात्र हा प्रश्न येतच नाही. माझी आजी नवापूरकडची. तिला वाचता येत नव्हतं, 23 वं स्तोत्र मात्र तोंडपाठ. संध्याकाळी भांडी घासून झाली की पदर डोक्यावर घ्यायची आणि बसल्या जागी प्रार्थना. सुरुवात मराठीत, चर्चमधल्यासारखी, 'हे दयाळू परमेश्वरा'. दोन वाक्यांनी मराठी संपायची आणि मावची सुरू व्हायची. मग म्हशीचं नाव यायचं, पावसाचं, चिंचपाड्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरचं, बांधावरून भांडलेल्या शेजाऱ्याचं. शेजाऱ्याचं नाव घेताना आवाज थोडा कोरडा व्हायचा, पण नाव गळायचं नाही. लोक याला साधी भक्ती म्हणतात आणि मनात 'सोपी' म्हणतात. जाता जाता हीसुद्धा एक गल्लत. बांधावरच्या माणसाचं नाव रोज रात्री देवापुढे घेणं सोपं असतं तर आपण सगळ्यांनीच केलं असतं.

मराठी चर्चला हे साधेपण गाण्यांनी दिलं, आणि त्यात नारायण वामन टिळकांचा वाटा मोठा. 1895 साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे इंग्रजी चालींवर बसवलेल्या गीतांच्या जागी अभंग, भजनं, कीर्तन आणलं. 1917 मध्ये तर मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. मिशनच्या लोकांना ते जड गेलं असणार. पण आज वेगवेगळ्या पंथांच्या मराठी मंडळ्या त्यांची भजनं गातात, आणि झांज हातात असली की कोण कोणत्या चर्चचा हे विचारायला कोणाला सवड नसते.

काकांच्या वर्षश्राद्धाला, म्हणजे आमच्या भाषेत स्मरणप्रार्थनेला, पुन्हा त्याच खोलीत जमलो. तीच सतरंजी, तेच पाळक, तेच फादर. प्रभूची प्रार्थना घेण्याआधी फादरनी घसा खाकरला आणि विचारलं, "ती शेवटची ओळ आम्हीपण म्हणू का, म्हणजे गडबड नको?"

काकू म्हणाल्या, "तुम्ही थांबा फादर तुमच्या जागेवर. ह्यांची ओळ मी म्हणते." आणि चाळीस वर्षं 'आमेन'वर थांबलेल्या काकूंनी ती ओळ एकटीने म्हटली.